टाचणीची भोकं

१२ जानेवारी २०२५, रविवार

दुकानात सध्या दोनच रंग, काळा आणि पांढरा. काळी झंपरं संक्रांतीची, पांढरी विद्यापीठाच्या नामविस्तार दिनाची. दोन्ही चौदा तारखेला. वाणाला जाणारी काळी साडी नेसणार, विद्यापीठाच्या गेटवर जाणारी पांढरी, आणि दोघींनाही झंपर तेराच्या संध्याकाळी हातात पाहिजे. काळ्या कापडावर काळा दोरा रात्री दिसत नाही, म्हणून दिवसा काळं आणि रात्री पांढरं, अशी वाटणी मी कित्येक वर्षं पाळतो.

पैठण रोडवर रुंदीकरणाची धूळ. भिंतीवरच्या फ्रेमची काच दिवसातून दोनदा पुसावी लागते. त्या फ्रेममध्ये ‘अण्णांची बाई’ आहे, म्हणजे माझ्या वडिलांची. घरात सगळे तिला असंच म्हणतात. आईसुद्धा म्हणायची आणि हसायची.

एका जुन्या मासिकाचं मुखपृष्ठ आहे ते. जांभळं लुगडं, हातात निरांजन, कोपरापर्यंत तंग बाही आणि बाहीच्या टोकाला जरीचा काठ. वरचं मासिकाचं नाव अण्णांनी कात्रीनं कापून टाकलं. खालचा उजवा कोपराही कापलेला. चित्रकाराची सही तिथंच असणार. अण्णांना नावाचं काय करायचं होतं? त्यांना बाही हवी होती. चित्रावर पातळ कागद ठेवायचा, टाचण्या लावायच्या आणि गळा छापून घ्यायचा, ही त्यांची पद्धत. म्हणून त्या बाईला सत्तावीस भोकं आहेत. गळ्याभोवती चौदा, बाहीच्या टोकाला नऊ. उरलेली चार काखेजवळ आहेत. तिथं ना गळा ना काठ. ती कशासाठी पाडली, मला आजवर कळलेलं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

दुपारी दोनला शेवटचं झंपर गेलं. कालपासून निळ्या झेंड्यांच्या गाड्या शहराकडे चालल्यात. इकडे गल्लीत तिळगूळ.

ट्रंक उघडली. आज एकशे बेचाळीस पानं आहेत. त्यातली चाळीसेक अण्णांची, बाकीची मी तीस वर्षांत जमवलेली. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, कॅलेंडरांवरच्या बायका, साबणाच्या आणि तेलाच्या जाहिराती, कापडाच्या ताग्यावर गिरणीवाले चिकटवायचे ती रंगीत लेबलं. लोक विचारतात, देवाची चित्रं आहेत का? नाही. नट्यांची? थोडी. मग कसली? मी सांगतो, कपड्यांची. समोरचा माझ्याकडं बघत राहतो.

काळ्या साडीतली बाई माझ्याकडे एकच आहे, चंद्रकळा नेसलेली. काळा रंग छापणं आणि काळ्या कापडावर शिवणं, दोन्हीची अडचण एकच: घडी दिसत नाही. या चित्रकारानं निऱ्यांच्या कडेला निळ्या रंगाची बारीक रेघ ओढली आणि काळ्याला घडी आली. मी काळ्या कापडावर निळा खडू वापरतो. माझा खडू आणि त्याची रेघ एकाच अडचणीतून आलेली.

१५ जानेवारी, बुधवार

आज दीनानाथ दलालांची पुण्यतिथी. ३० मे १९१६ला मडगावात जन्म, १५ जानेवारी १९७१ला मृत्यू. चौपन्न वर्षांचं आयुष्य. १९४५ साली त्यांनी ‘दीपावली’ हा दिवाळी अंक काढला. स्वतःच चित्रकार आणि स्वतःच संपादक. मराठी घरात सुंदर बाई कशी दिसते, हे ठरवण्यात त्यांचा आणि रघुवीर मुळगावकरांचा वाटा फार मोठा. मुळगावकरही गोव्याचेच, दलालांहून दोन वर्षांनी लहान. तेही मुंबईत गेले, त्यांनीही दिवाळी अंक काढला, ‘रत्नप्रभा’. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारकथांवरची त्यांची मुखपृष्ठं बघून लोक पुस्तक उचलायचे.

अण्णांची बाई दलालांची की मुळगावकरांची, यावर मी किती रात्री घालवल्यात. दलालांची रेघ वाहती. एकदा खांद्यावरून निघाली की पदराच्या टोकाशीच थांबते. मुळगावकरांच्या बाईच्या गालाला, दंडाला गोलाई येते ती रंगाच्या मऊ उतारानं, रेघ मागे राहते. अण्णांच्या बाईचं तोंड मुळगावकरांकडे झुकतं आणि पदर दलालांकडे. म्हणजे बहुतेक ती तिसऱ्याच कुणाची तरी आहे. या दोघांचं बघून हात बसवणारे तेव्हा गल्लोगल्ली होते.

मला शिंप्याचं म्हणून एक दिसतं. या बायकांच्या झंपराला शिवणच नसते. टक्स नाहीत, मुंढ्याची जोडणी नाही, बगलेचा सांधा नाही. कापड अंगावर रंगासारखं बसलेलं. गिऱ्हाईक बोट दाखवून म्हणायचं, “असंच शिवा.” चित्रकारानं जे कापलंच नाही ते अण्णांना कापायचं होतं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून शहरात गेलो. पैठण गेटला उतरून औरंगपुऱ्यातून चालत जुन्या बाजारात. रद्दीवाला ओळखीचा, मला लांबून बघितलं की भाव वाढवतो. एका वाचनालयातून निघालेला गठ्ठा आला होता. सुतळीनं घट्ट बांधलेला, वरची दोन पानं पाण्यानं एकमेकींना चिकटलेली. गुळगुळीत आर्ट पेपरचा हाच शाप. एकदा भिजून वाळला की पानं अशी बसतात की सोडवताना बाईचं अर्धं तोंड पलीकडच्या पानावर जातं. ती दोन मी हात न लावता ठेवली. खालची अकरा घेतली, तीनशे रुपयांत.

मुखपृष्ठ फाटून सुटं झालं की त्यावर साल राहत नाही. मग मागची जाहिरात वाचायची. किंमत ‘रु. १-४-०’ अशी असेल तर रुपये, आणे, पै. नवे पैसे १ एप्रिल १९५७ला आले, म्हणजे पान त्याच्या अलीकडचं नाही. फार तर एखाद-दोन वर्षं इकडे, कारण जुनी सवय लगेच जात नाही. पत्त्यात नुसतं ‘मुंबई ४’ असेल आणि सहा आकडी पिन नसेल, तर १५ ऑगस्ट १९७२च्या आधीचं. आजच्या अकरापैकी चार आण्यांच्या काळातली निघाली.

नंतर भिंग. कापडाचे धागे मोजायचं घडीचं भिंग माझ्याकडे अण्णांचं आहे, पितळी, तीन पायांत मिटणारं. एका इंचात उभे धागे किती, आडवे किती, ते मोजायचं. छापखान्यातही हेच भिंग वापरतात, ते मला फार उशिरा कळलं. छापील चित्राखाली ठिपके असतात, ओळीत, जाळीसारखे. ब्लॉकवरून छापलेल्या जुन्या पानात प्रत्येक ठिपक्याच्या कडेला शाईची गडद किनार उमटते, कारण धातूनं कागद दाबलेला असतो. आजच्या संगणकाच्या प्रतीत तशी किनार नसते, नुसता फवारा दिसतो. ठिपकेच नसतील, आणि कागदावर बोटाला रंगाचा थर लागत असेल, तर श्वास रोखायचा. ते चित्रकाराच्या हातचं मूळ चित्र. माझ्या आयुष्यात एकदाही श्वास रोखायची वेळ आलेली नाही.

जुन्या वस्तू घेणाऱ्या एकानं अण्णांच्या बाईचा फोटो मोबाईलवर बघितला. म्हणाला, “वरून कापलंय, सही नाही, भोकं आहेत. फ्रेमची किंमत येईल फक्त.”

४ फेब्रुवारी, मंगळवार. रथसप्तमी

हळदीकुंकवाचे दिवस संपले. शेजारच्या वहिनी सासूबाईंची लक्ष्मीची तसबीर घेऊन आल्या. “भाऊजी, जर काळी पडली हिची. नवीन लावून द्या.”

काच काढली आणि खुर्चीवर बसलो. जुनं लिथोचं चित्र, राजा रविवर्म्याच्या लक्ष्मीच्या वळणाचं. त्यावर कुणीतरी खऱ्या कापडाची साडी नेसवलेली. निऱ्या सुईनं घातलेल्या, काठाला जर, गळ्यात टिकल्यांचा हार, मुकुटाला मणी. हे काम पूर्वी पुष्कळ घरांत चालायचं. बाजारातून छापील देव आणायचा आणि घरच्या बायकांनी त्याला कपडे घालायचे.

रविवर्म्याचा छापखाना १८९४ला मुंबईत घाटकोपरला निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. त्या छापखान्यानं लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचवल्या, साडीसकट. माझ्या मते या मुलखातलं पहिलं फॅशनचं चित्र म्हणजे ती लक्ष्मी. तिच्या निऱ्या बघून किती जणींनी आपल्या निऱ्या घातल्या असतील, हिशेब नाही.

भिंगाखाली कागद पाहिला. ब्लॉकच्या जाळीचे ठिपके नव्हते. दगडावरून छापल्याची वेडीवाकडी दाणेदार खूण होती. आणि निऱ्यांच्या रेघेवर सुईची भोकं, एकाआड एक, सारख्या अंतरानं. कुणाचा तरी हात पक्का होता.

वहिनींना सांगितलं, जर काळी पडलीय, चांदीची असू शकेल. तिला हात लावायचा नाही. मऊ ब्रशनं धूळ झटकली, मागचा सडका पुठ्ठा काढून नवा घातला, काचेला चित्र टेकू नये म्हणून कडेनं पुठ्ठ्याची पट्टी दिली. वहिनी थोड्या नाराज झाल्या. त्यांना लखलखीत लक्ष्मी हवी होती. पैसे घेतले नाहीत.

१६ फेब्रुवारी, रविवार

पुतणी पुण्याहून आली. फॅशन डिझाइनचं शिकते. आमच्या घराण्यात शिवणकाम शिकायला कॉलेजात जाणारी पहिलीच. ट्रंकेपुढं मांडी घालून बसली आणि चार तास उठली नाही.

तिनं एक गंमत शिकवली. माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या मापानं मोजायची. खरं माणूस साडेसात डोकी उंच. फॅशनच्या चित्रातली बाई नऊ, कधी दहासुद्धा. वाढलेली डोकी सगळी पायात जातात. आम्ही टेप घेऊन माझ्या कॅलेंडरवाल्या बायका मोजल्या. बहुतेक सात, साडेसात. एक तर जेमतेम सहा. पुतणी म्हणाली, “काका, यांना उंच करायची गरजच नव्हती. साडीत पाय दिसत नाहीत. यांनी सगळी मेहनत कमरेवर केलीय.” बरोबर बोलली. कमरा अशा की माझ्या टेपनं अठरा इंच भरतील. आजवर अठरा इंचाची कमर माझ्या वहीत लिहिली गेली ती फक्त परकराच्या पोरींची.

मोबाईलवर तिनं पॅरिसची चित्रं दाखवली. ‘गॅझेट द्यु बाँ ताँ’ नावाचं मासिक, १९१२ ते १९२५. त्यातली पानं यंत्रावर रंगवलेली नाहीत. प्रत्येक रंगाचा पत्र्याचा फर्मा कापायचा आणि त्यातून हातानं ब्रश फिरवायचा. एका पानाला जितके रंग तितके फर्मे. पुढे १९३२मध्ये ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर पहिला रंगीत फोटो आला आणि हळूहळू तिकडे चित्रकार मागे पडला. आपल्याकडे दिवाळी अंकावरची रंगवलेली बाई त्याच्यानंतरही कित्येक दशकं टिकली. पुतणीनं विचारलं, का? मी म्हटलं, फोटोतल्या बाईला कुणीतरी शेजारीण असते. चित्रातली कुणाचीच शेजारीण नसते, तिचा हेवा करायला सोपं जातं.

जाताना तिनं ट्रंकेत माझ्यावर रागवून काही बदल केले. डांबरगोळ्या बाहेर. दर दोन पानांमध्ये बटर पेपर. सेलोटेप कधीच नाही. तिनं एका पानाचा तपकिरी पट्टा दाखवला, तो मीच वीस वर्षांपूर्वी चिकटवला होता. लॅमिनेशनचं नाव काढायचं नाही. कसर लागते तिथं वर्तमानपत्र ठेवायचं नाही, ते स्वतःच पिवळं पडतं आणि शेजाऱ्याला पिवळं करतं. सगळं मांजरपाटात बांधलं. मांजरपाट दुकानातला, तेवढंच माझं योगदान.

२ मार्च, रविवार

पैठणला विणकर मित्राकडे. त्याच्या मागावर पदर चालू होता, बांगडी मोर. चौकटींच्या कागदावर नक्षी काढलेली, आणि तो कागद बघत बघत रंगीत धागे हातानं घालायचे. दिवसभरात पदर किती सरकतो ते बघायला गेलं तर बोटांवर मोजता येतं.

मी त्याला माझं एक पान दाखवलं. पैठणी नेसलेली बाई, दिवाळी अंकावरची. तो भिंग न लावता म्हणाला, “मोर खोटाय.” चित्रकारानं पदरावर पिवळ्या रंगाचे तीन फटके मारले होते, मधे हिरवा ठिपका. लांबून मोर, जवळून काहीच नाही. मित्राला राग आला. मला आला नाही. त्यानं तीन फटक्यांत जे उमटवलं, त्याला मित्राचे दोन महिने जातात, आणि तरी दुकानात येणारी बाई त्या फटक्यांचीच पैठणी मागते. हे मी त्याला बोलून दाखवलं नाही. जेवायचं होतं त्याच्याकडे.

१८ मार्च, मंगळवार

महादेव विश्वनाथ धुरंधरांचा जन्मदिवस. १८६७, कोल्हापूर. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, तिथंच शिकवलं, आणि त्या वर्षांवर ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ लिहिलं. २०१८ला मुंबईत नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन होतं. पुतणी तेव्हा शाळेत होती, तिचं निमित्त करून मी गेलो आणि दिवसभर बायकांचे पदर बघत फिरलो.

ऑटो रॉथफेल्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचं ‘विमेन ऑफ इंडिया’ म्हणून पुस्तक आहे, त्यात धुरंधरांनी निरनिराळ्या समाजांच्या बायका रंगवल्या. कुणाचा काष्टा कुठं खोचलाय, कुणाचा पदर कोणत्या खांद्यावर, चोळीची गाठ कुठं. धुरंधरांवर मी शिंपी म्हणून विश्वास ठेवतो. त्यांच्या बाईचं कापड कुठून सुरू होतं आणि कुठं संपतं, ते शोधता येतं. दलालांच्या बाईसारखं व्हावंसं वाटतं, धुरंधरांच्या बाईसारखं नेसता येतं.

अशा पुस्तकांतली पानं आता कापून सुटी विकतात. पुस्तकापेक्षा पानांचे जास्त पैसे येतात. मलाही एकदा दाखवायला आणलं होतं. कापलेली कड ताजी, पांढरी. घेतलं नाही. पुस्तक मारून पान जगवायचं मला पटत नाही. मग अण्णांनी काय केलं, असं कुणी विचारलं तर उत्तर नाही. त्यांनी तर सहीच कापली.

१९ मार्च, बुधवार. रंगपंचमी

उद्या नाथषष्ठी. पहाटेपासून दिंड्या पैठणकडे. रस्त्याच्या अर्ध्या भागात खडी, उरलेल्या अर्ध्यात टाळ आणि ट्रक. आम्ही नामदेव शिंपी. दिंडीला पाणी देणं घरात अण्णांपासून आहे. गल्लीतली पोरं पिचकाऱ्या घेऊन मोकाट, म्हणून शटर निम्मं खाली ओढून पाण्याचे माठ दारात मांडले.

गंगापूरकडची एक दिंडी अकराला थांबली. त्यातली एक म्हातारी, ऐंशीच्या घरातली, इरकली लुगडं, शटरखालून वाकून आत आली आणि सावलीला माझ्या स्टुलावर बसली. पाणी पिता पिता भिंतीकडं बघितलं. तांब्या खाली ठेवला.

“ही बाई हितं कशी?”

म्हटलं, आजी, माझ्या वडिलांची आहे.

“तू त्या मशीनवाल्याचा लेक का? लासूरच्या अंगाला यायचा, मामाकडं. लग्नसराईत. पिशवीत ही बाई गुंडाळून आणायचा.”

खरं होतं. अण्णा लग्नसराईत हातमशीन घेऊन लासूरजवळ मामाच्या गावी जाऊन राहायचे. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो.

“माझ्या लग्नाचं झंपर त्यानंच शिवलं. मला हिच्यासारखंच पाह्यजे, म्हणून मी रडून गोंधळ घातला. तुझा बाप म्हनला, पोरी, हिचा हात नुसता निरांजन धरायचाय. तुझा तसा नाही. मी कशाची ऐकते. शिवलं त्यानं तंग. आन् रुखवताचं ताट उचलाया हात वर केला, तं काखंत टर्रकन.”

ती हसायला लागली, मीही हसलो. विचारलं, मग?

“मग काय. मांडवाच्या मागं बसून त्यानं चौकोनी तुकडा लावून दिला काखंत. हात मोकळा झाला. पुढं चार वर्सं वापरलं ते मी, खुरपायला.” उठता उठता पुन्हा चित्राकडं बघून म्हणाली, “हिच्याबी काखंत लाव म्हणावं. किती दिस झाले बिचारी हात खाली करीना.”

टाळ सुरू झाले. ती वाकून शटरखालून गेली.

दिंडी पुढं गेल्यावर फ्रेम उतरवली, मागच्या खिळपट्ट्या काढल्या आणि चित्र टेबलावर घेतलं. काखेजवळची चार भोकं. भिंग लावलं. टाचणीची होती, पण गळ्याभोवतीच्या भोकांसारखी ओळीत नव्हती. टेप लावला. दीड इंच, दीड इंच, दीड इंच, दीड इंच. तिथं चौकोनी कापडाचा तुकडा टाचलेला होता. किती वर्षं होता ते सांगता येत नाही, पण त्याच्याखालचं जांभळं अजून बाकीच्यापेक्षा एक छटा गडद आहे.

संध्याकाळी उरलेल्या मांजरपाटातून दीड इंचाचा तुकडा कापला. टाचण्या जुन्याच भोकांतून घातल्या, नवं भोक पाडलं नाही. मग काच लावली.